दांग मावशींची शीआनची सहल

बाओजीच्या जुन्या सूतगिरणीच्या वसाहतीत दांग छ्याओलिंग हे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण दांग मावशी म्हटलं की कोणीही बोट दाखवून घर सांगेल. गिरणीच्या खानावळीत त्यांनी उभा जन्म कणीक तिंबली. वीज जावो, पाणी जावो, पाळी सुटली की कामगारांच्या पुढ्यात शेवयांचे वाडगे हजर. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही, एखादी गोष्ट जमणार नाही असं त्यांच्या कधी मनातच येत नसे.

त्यांचे यजमान म्याओ काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, काठी घेऊन चालणंही जमू लागलं, उजवा हात मात्र अर्धाच परत आला. एका लग्नात त्यांच्या हातातून जेवायच्या काड्या निसटल्या आणि शेवया मांडीवर पडल्या. कोणी हसलं नाही, पण शेजारच्या माणसानं घाईघाईनं नजर दुसरीकडे वळवली. तेव्हापासून काका जिना उतरेनासे झाले. बोलवायला आलेल्या मित्रांना आतूनच सांगायचे, "आज गुडघा दुखतोय."

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. वसंत लागल्यावर एके दिवशी उकडलेले पाव द्यायला वर गेले, तर मावशी शेन्झेनला असलेल्या मुलाशी, म्याओ लेईशी, फोन स्पीकरवर ठेवून बोलत होत्या.

"शीआनला जाऊन येतो आम्ही. दोन दिवस. बघायचं थोडं, खायचं जास्त."

"आई, अगं बाबांची अवस्था काय! जायचंच असेल तर मी एखाद्या कंपनीची सहल बघतो. गाडी, हॉटेल, जुन्या सम्राटाच्या कबरीतले मातीचे सैनिक, सगळं दाखवतात."

"त्या सैनिकांना दोन हजार वर्षं उभं राहायची सवय आहे. तुझ्या बाबांना नाही. एका सकाळी एकच जागा बघायची. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा एक जागा. झालं."

"आणि वाटेत काही झालं म्हणजे?"

"शीआनला काय दवाखाने नाहीत? ते काय जंगल आहे?"

काका खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मी कुठे येणार नाही. आणि शीआनवाल्यांना आंबट शेवया तरी करता येतात का आपल्यासारख्या?"

मावशींनी फोन ठेवला, वाद घातला नाही. दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "उद्या दिवसभर म्हाताऱ्याकडे बघ. बहिणीकडे जाऊन येते." मी बरं म्हटलं.

संध्याकाळी त्या परतल्या, चप्पल काढून स्वयंपाकघराकडे निघाल्या, तोच काका म्हणाले, "थांब. इकडे ये."

मावशी जवळ गेल्या. काकांनी त्यांच्या बाहीचा वास घेतला.

"जिरं. कोकराची चरबी. निखारा. तुझी बहीण कधीपासून मटण भाजायला लागली?"

मावशींना खोटं बोलणं जमत नाही, आणि धरलं गेल्यावर तर त्या लपवतही नाहीत. "शीआनला गेले होते. बघून आले सगळं. स्टेशनात लिफ्ट कुठे, कुठल्या रस्त्यावर फरशी उखडलीय, कुठल्या दुकानात पाठ असलेल्या खुर्च्या आहेत, खुर्चीसारखे बसायचे संडास कुठे आहेत. शहराच्या जुन्या तटावर चढायलासुद्धा लिफ्ट आहे, वर जाऊन आले."

"आणि खाल्लंस?"

"मग? न खाता कशी कळणार चव?"

"काय काय?"

"चिकट भाताचा आणि लाल बोरांचा वाफवलेला केक. भाजलेलं मटण. मग रश्शातली रोटी."

"एकटीच!" काका काठी आपटून उठले. झटक्यानंतर त्यांना इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. "चाळीस वर्षं संसार केला, आणि ही बाई एकटी जाऊन रश्शातली रोटी खाऊन येते!"

"तू येणार नाही म्हणालास."

"मला नीट विचारलंस का? गाडी कधीची आहे?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाल्या, "बुधवारची. गर्दी कमी असते."

बुधवारी मलाही बरोबर घेतलं. "काकांना उचलायची वेळ आली तर दोघी असू," एवढंच कारण दिलं. गाडीनं तासाभरात पोचवलं. मावशी पुढे, काका मध्ये, मी मागे. मावशी कोपऱ्याच्या आधीच सांगत, "आता डावीकडे. पायरी आहे, छोटीच."

रोटीचं दुकान मशिदीच्या मागच्या गल्लीत होतं. तिथे गिऱ्हाइकाला रिकामा वाडगा आणि कडक, अर्धीकच्ची जाड रोटी देतात. ती स्वतःच्या हातांनी बारीक कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून येतो. हे मला ठाऊकच होतं, पण काकांसमोर वाडगा आला तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मावशींनी हे दुकान कशाला निवडलं?

वाढणारी मुलगी काकांचा हात बघून म्हणाली, "आजोबा, मशीननं कापलेली रोटीपण मिळते. आणू?"

"पोरी, माझा जन्म मशिनं दुरुस्त करण्यात गेला. मशीन काय करतं ते मला माहीत आहे. राहू दे."

उजव्या हातानं त्यांनी रोटी वाडग्याच्या काठावर दाबून धरली आणि डाव्यानं मोडू लागले. पहिला तुकडा टेबलाखाली गेला. दुसरा पलीकडच्या माणसाच्या चहात. तो माणूस म्हणाला, "काका, मला आधीच वाढलंय!" आणि काका हसले, मोठ्यानं. आमच्या दोघींच्या रोट्या कुस्करून झाल्या. माझा हात काकांच्या वाडग्याकडे जायला लागला तशी मावशींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. त्या मुरवलेला लसूण सोलत बसल्या, जणू दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच.

बराच वेळ लागला. वाफाळता वाडगा परत आला. काकांनी चमच्यानं खायला सुरुवात केली, ती तळ दिसेपर्यंत. मग तोंड पुसून म्हणाले, "तुकडे जरा मोठे राहिले. पुढच्या वेळी बारीक करीन."

मावशी उठल्या आणि मिरचीची वाटी आणायला गेल्या. वाटी टेबलावर होतीच.

दुपारची झोप झाल्यावर मावशींच्या बेतानुसार तट बघायचा होता. पण तटाखालच्या बागेत, खंदकाच्या काठी, म्हातारी मंडळी आमच्याकडचं जुनं नाटकगाणं गात बसली होती, गळ्याच्या शिरा ताणून, दोन सारंग्या आणि एक लाकडी टाळ घेऊन. काका थांबले, आणि बाकावर बसले ते उठेचनात.

"चल ना. लिफ्ट बंद होईल."

"तू बघून ये. तूच तर हुशार, आधी एकटी जाऊन येतेस."

"म्हाताऱ्या, मी आठवडाभर डोकं चालवलंय यावर!"

"मग आता जरा डोक्याला विश्रांती दे."

मावशी चिडल्या, तशाच मला ओढत वर गेल्या. तटावरून वाकून पाहिलं तर खाली काकांच्या हातात कोणीतरी लाकडी टाळ दिला होता. ते डाव्या हातानं ठोका देत होते, आणि एका गाणाऱ्याला मध्येच थांबवून काहीतरी समजावतही होते. मावशी दगडी कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "याला आता रात्रीचं जेवण उशिरा लागणार. शेवयांचं दुकान बदलायला हवं." आणि तिथेच, वाऱ्यात केस सांभाळत, कुठल्या गल्लीतलं दुकान उशिरापर्यंत उघडं असेल याचा विचार करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तटाच्या पूर्वेकडे जायचं होतं. गेलो नाही. सबंध सकाळ बागेतच गेली, आणि मावशींनी त्या मंडळींना बोरांचा केक वाटला.

घरी आल्यावर काका रोज खाली उतरू लागले. हात अजून तसाच आहे. काड्या अधूनमधून निसटतात. मग ते चमचा मागतात आणि बोलणं पुढे चालू ठेवतात. शरदात लोयांगला जायचं ठरलंय, तिथल्या नाना प्रकारच्या सुपांची पंगत जेवायला. परवा म्याओ लेईनं फोनवर विचारलं, "आई, या वेळी मी येऊ का?"

"ये की," मावशी म्हणाल्या. "पण बूट साधे घालून ये. आणि भूक लावून ये."