वाटीतली मुंगी

माझं दूध विषारी ठरलं ते एका मुंगीमुळे.

दिघीतल्या भाड्याच्या खोलीत आम्ही राहत होतो. लेक अडीच महिन्यांची. नवऱ्याला कंपनीत नाइट शिफ्ट, म्हणून तो दिवसा झोपायचा. पोर रडली की आधी चप्पल भिरकवायचा, मग उठून माझ्या थोबाडीत ठेवून द्यायचा. त्याची झोपमोड नको म्हणून सासू पोरीला साखरपाणी पाजत राहायची. अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं, तर महिनाभरात काटा जागचा हलला नव्हता. त्यांनी बजावलं, "सहा महिने फक्त अंगावरचं. पाण्याचा थेंबसुद्धा नको."

हे सांगितल्यावर सासू उसळली. ती परभणीकडची. "सहा लेकरं वाढवलीत मी. लेकरू वाढंना म्हंजी तुझं दूधच इखारी हाय." तिने मला वाटीत दूध पिळायला लावलं आणि दारातली मुंगी धरून त्यात सोडली. मुंगीने पाय झाडले आणि मेली. लागला निकाल! नवऱ्याने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. "माझ्या पोरीला विष पाजतेस?" आणि खरं सांगते, मलाच लाज वाटली. मीही ते मानलं.

मग बाटली आली. पावडरीचा डबा पुरवायचा म्हणून सासू बाटलीभर पाण्यात एकच चमचा टाकायची. पोर गपगार झोपायची, नवराही झोपायचा. मी मोरीत दूध पिळून टाकायचे. पुढच्या वजनाला काटा खाली आला. पोरीच्या मांड्यांची कातडी लोंबत होती. ताई माझ्यावर ओरडल्या, "अहो, नुसतं पाणी पाजताय तिला! मारायचीय का?"

घरी आले तेव्हा नवरा चहा पीत बसला होता. दारातली एक मुंगी चिमटीत धरून मी त्याच्या कपात टाकली. ती मेली.

"हेही विष. पी आता."

त्याने हात उगारला. मी खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलेलं मी ऐकलं. तो मनगट धरून खाली बसला, सासू किंचाळत बाहेर पळाली. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. उरलेल्या जोराने मी बाटली चेचून काढली.

मग बत्ता मांडीखाली ठेवला आणि पोरीला छातीशी लावलं. बाटलीची सवय झालेली, ती तोंड फिरवून रडत राहिली. दूध आटलं असेल या भीतीने मी तिला पुन्हा पुन्हा छातीशी नेत राहिले. शेवटी तिने हिरड्यांनी असं करकचून धरलं की कळ मस्तकात गेली. मी तिला सोडवलं नाही. थोड्या वेळाने तिने पहिला घोट गिळलेला ऐकू आला.