कुरडयांवरचे काळे ठिपके

शालनताईंचं कधी चुकत नाही, हे कोथरूडमधल्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. निदान शालनताईंनी ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या कुरडयांना मोठी मागणी. दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर आणि रस्त्याकडे उघडी गच्ची. उन्हाळ्यात पहाटेपासून तिथे त्या आणि वरच्या मजल्यावरच्या कांताबाई मिळून कुरडया घालायच्या. शालनताई गव्हाचा चीक घोटायच्या, कांताबाई सोऱ्या फिरवायच्या आणि दोघींची तोंडं हातांपेक्षा जोरात चालायची.

मग कुरडयांवर काळे ठिपके पडू लागले. गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. शालनताईंनी वर पाहिलं, तर कांताबाई गॅलरीतून सतरंजी झटकत होत्या. झालं! आधी विचारावं, ही भानगड शालनताईंच्या स्वभावात नव्हती. दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली: ‘दुसऱ्या मजल्यावरील सतरंजीस विनंती. आमच्या कुरडयांत मसाला घालण्याची पद्धत नाही.’

सगळी सोसायटी हसली. कांताबाई हसल्या नाहीत. आपला सोऱ्या घेऊन त्या वर गेल्या, त्या परत खाली आल्याच नाहीत.

खरं तर ते ठिपके बोटानं पुसायला गेलं की काजळीसारखे पसरायचे. सतरंजीची धूळ कधी अशी पसरते का? पण एकदा पाटी लावल्यावर पुण्याचा माणूस पुरावा तपासत बसत नाही.

दोन उन्हाळे शालनताई एकट्या खपल्या. सोऱ्या भरायला वळल्या की चीक खाली लागायचा. आणि करमायचं तर मुळीच नाही.

यंदा त्या रस्त्यावर जुन्या डिझेल ट्रक-टेम्पोंना बंदी आली. खालच्या किराणावाल्या संतोषनं ‘धंदा बसणार’ म्हणून गळा काढला. पण त्याचा माल विजेवरच्या टेम्पोतून यायला लागला, गल्ल्यावर बसून डोळे चुरचुरायचे थांबले, आणि बंदी जणू आपणच आणली अशा थाटात तो बोलू लागला. शालनताईंच्या यजमानांचा खोकला हटला. कायम बंद असलेल्या खिडक्या उघडल्या. आणि गच्चीतल्या कुरडया वाळल्या त्या शुभ्र!

वर कांताबाई नेहमीसारखी सतरंजी दणादण झटकत होत्या. कुरडयांवर एक ठिपका नाही. काही दोष नसताना आपण या बाईचं हसं केलं, याची शालनताईंना मनापासून लाज वाटली.

ताटलीभर कुरडया घेऊन त्या वर गेल्या.

“अहो कांताबाई, चुकलं माझं. तो गाड्यांचा धूर होता.”

“हो का?” कांताबाई दार अडवून उभ्या. “अपमान केलात जिन्यात, सगळ्यांसमोर. माफी मात्र इथे, हळू आवाजात. छान.”

शालनताई आल्या पावली खाली उतरल्या. संध्याकाळी जिन्यात नवी पाटी होती: ‘दुसऱ्या मजल्यावरील सतरंजी निर्दोष आहे. दोष टेम्पोंचा आणि डोळे असून न पाहणाऱ्या शालनचा. कांताबाईंनी माफ करावे.’

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या एकट्याच चीक घोटत होत्या. दार वाजलं. कांताबाई सोऱ्या घेऊन उभ्या.

“पाटीत एक राहिलं,” त्या म्हणाल्या.

“काय हो?”

“मी नसले की तुमच्या कुरडया जाड होतात, ते.”

शालनताई त्यांना घेऊन चिकाच्या पातेल्यापाशी आल्या. मग सरकून बसत त्यांनी शेजारी जागा केली.