गिनीपिगची उडी

आज सकाळी आमच्या दोन गिनीपिगपैकी एकाने उडी मारली. चारही पाय हवेत, अंगाला एक हिसका, आणि धप्पकन पुन्हा गवतात. खूश झाला की हा प्राणी असा उडतो, हे ऐकून होते, पाहिलं आजच.

शेजारीण गाव सोडताना ही जोडी मला देऊन गेली, तेव्हा दोघं अरुंद पिंजऱ्यात थिजून बसलेली असायची. "घरात वास आला तर ठेवायची नाहीत," सासूबाईंनी बजावलं होतं. मग मी मागच्या खोलीचा कोपरा जाळीने अडवला, जुनी चादर अंथरली, लपायला खोका ठेवला. रोज ओलं गवत काढायचं, लेंड्या झाडायच्या, चादर धुऊन उन्हात वाळवायची. घर म्हणजे तरी काय, पळायला जागा, लपायला आडोसा आणि अंगाखाली कोरडं. माणसालाही याहून फार काही लागत नाही.

दुसऱ्यानेही उडी घेतली. मला तर काहीतरी मोठं जिंकल्यासारखं वाटलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि जाळीपाशीच बसल्या.

"कोथिंबीर निवडलीस की काड्या इकडे आण," त्या म्हणाल्या. "मी भरवते यांना."