गेटवरची पाटी

मंडळी, आज डोकंच चालत नाहीये. सहा महिन्यांत लेकीचा चष्म्याचा नंबर मायनस दोनवरून साडेतीनवर गेलाय.

जुईनगरच्या डॉक्टरांना विचारलं, "माझाच चष्मा एवढा जाड. माझ्याकडूनच आलं ना हे?"

"थोडं तुमच्याकडून. पण पोरं घरातच राहिली की नंबर जास्त पळतो. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या."

कुठे खेळू देऊ? आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी आहे, 'आवारात खेळण्यास सक्त मनाई'. गाड्यांच्या काचा फुटतात म्हणून कमिटीत भांडून ती मीच लावून घेतली होती.

परत आलो तेव्हा गेटपाशी लेक थांबली. डोळे बारीक करून पाटीकडे बघत राहिली.

"आई, मला नाही गं वाचता येत. काय लिहिलंय?"

सांगा, काय वाचून दाखवू तिला?