शक्यतेची वाक्यं

सुनेला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी जन्मभर शाळेत तेच केलं होतं, मग क्लास कशाला लावायचा, असं मुलगा इंग्लंडमधून फोनवर म्हणाला. सून नर्स. तिकडे नोकरी हवी तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी, मग नवराबायको एकत्र राहणार. आणि तंजावुरातल्या राजवाड्यामागच्या या घरात मी एकटी उरणार. तरी मी हो म्हणाले. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

ती इथल्याच जवळच्या ओरत्तनाडू गावची, तमिळ शाळेत शिकलेली. घरी बोलते आमचंच तंजावुरी मराठी, पण देवनागरी वाचता येत नाही. वाक्याचा मराठी अर्थ तमिळ अक्षरांत लिहून घ्यायची. ड्यूटीवरून आली की कॉफीचे टंबलर घेऊन आम्ही बसायचो.

सगळं जमत गेलं, अडलं ते शक्यतेच्या वाक्यांवर. एखादी गोष्ट साधेल की नाही हे इंग्रजीत पायरीपायरीनं सांगतात. सगळ्यात वर 'आय ॲम बाउंड टू पास', म्हणजे मी पास होणारच. त्याखाली 'आय स्टँड अ गुड चान्स', म्हणजे बरीच आशा आहे. अगदी खाली 'स्लिम चान्स', जेमतेम आशा. ही बाई कायम खालच्या पायरीवर. पास होण्याचा स्लिम चान्स, नवऱ्याला भेटण्याचाही स्लिम चान्स!

"अगं, रडकं वाटतं ते. मोठं बोल की."

"अय्यो आत्या, हवें तें मोठ्यानें बोललें की दृष्ट लागती."

मी डोक्याला हात लावला. पण तिला काय बोलणार? मुलाच्या प्रत्येक निकालाआधी मीही तेच करत आले. आमच्या घरांत मनातली गोष्ट कुणी ठामपणे बोलतच नाही. परीक्षकाला मात्र दृष्ट काय कळणार? आठवडाभर मी तिच्याकडून वरच्या पायरीची वाक्यं घोकून घेतली. मधेच मनात यायचं, राहू दे हिला अशीच, नापास झाली तर ते माझ्यामुळे, हे कुणाला कळणार आहे? मग स्वतःचीच लाज वाटायची आणि त्या दिवशी मी अर्धा तास जास्त शिकवायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी परीक्षक झाले. तिच्या गावाबद्दल विचारलं, कामाबद्दल विचारलं. ती मान वर करून 'बाउंड टू' म्हणत होती. मग यादीत नसलेला एक प्रश्न मी इंग्रजीतच विचारला : पुढे कधी परत येऊन तंजावुरात राहाल, अशी कितपत शक्यता आहे?

तिनं टंबलर खाली ठेवला. मग म्हणाली, "देअर इज अ व्हेरी स्लिम चान्स." कारणंही दिली, नोकरी, घर, पुढे मुलांच्या शाळा. एकही चूक नाही.

माझा जीव भांड्यात पडला. जुनी खोड परत आली वाटतं हिची, म्हणजे यायचं आहे हिला! इंग्रजी बाजूला ठेवून मी विचारलं, "दृष्टीला भिऊन बोललीस ना हें?"

तिनं मान खाली घातली. "नाहीं आत्या. विचारलांत म्हणून खरें सांगितलें."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "उद्या असंच बोल." आणि आत जाऊन उगाचच भात बघितला.

ती पास झाली, गेली. आता दर रविवारी तिचा फोन येतो. माझा आवाज जरा पडलेला वाटला की ती लगेच म्हणते, "पुढल्या वर्षीं येणारच आम्ही, आत्या. नक्की येणार." ठणठणीत आवाजात म्हणते. मी बरं म्हणते. एकदा तरी ती घाबरत, चाचरत, "कोण जाणे, आत्या" म्हणाली असती, तर मी वाट बघितली असती.