खुल्या यादीतलं माझं नाव

“तिचं काय, तिचं होईलच.”

काकू स्वयंपाकघरातून बोलत होत्या. मी दारात वाकून सँडलचा पट्टा लावत होते. त्यांना वाटलं, मी जिना उतरून गेले.

त्याआधी मंदारच्या आईने विचारलं होतं, “वहिनी, ती ठाण्याची मुलगी हुशार वाटते ना गं?”

“हुशार आहेच. इंग्रजी तर काय फाडफाड. त्यांच्यातली वाटतच नाही. पण तिचं काय, तिचं होईलच. टेन्शन सगळं आपल्या मुलांना.”

पट्टा लागला होता. मी तो सोडला, पुन्हा लावला. मग जिना उतरले. हळू, पावलांचा आवाज होऊ न देता. बोलल्या त्या, आणि चोरासारखी पळाले मी.

डोंबिवलीतलं ते घर सरांचं, काकू त्यांच्या पत्नी. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. दर रविवारी आम्हा चार-पाच जणांना पीएचडीच्या प्रवेश परीक्षांसाठी शिकवायचे. फुकट. हे लिहायलाच हवं, कारण पुढे हेच मला सगळ्यात जास्त ऐकवलं गेलं. मंदार त्यांचा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. मुलगा वाईट नाही. गणितं सोडवताना गुणगुणतो आणि उत्तर चुकलं की स्वतःलाच शिव्या घालतो.

पहिल्या रविवारी काकूंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, “मूळ गाव कुठलं गं तुमचं?” मी सांगितलं. आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे, त्यावरून काही ठरेना. “म्हणजे कोकणातलेच. कुलदैवत कुठलं?” मी म्हणाले, “आम्ही बौद्ध आहोत.” काकू म्हणाल्या, “असं का. छान छान.”

छान दोनदा म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

मी ठाण्यात, कोपरीत वाढले. आई महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, बाबा एका कंपनीत फिटर. दोघांनी पोटाला चिमटा काढून मला इंग्रजी शाळेत घातलं. आईला वाटायचं, इंग्रजी आली की पोरीला कुणी काही बोलणार नाही. तसं झालंही. तोंडावर कुणी बोललं नाही. मी मुळात लाजरी, वर्गात हात वर न करणारी. माझं गप्प राहणं आणि माझे उच्चार पाहून लोक मला आपल्यातली समजायचे आणि माझ्यासमोरच बोलायचे. शाळेत, कॉलेजात, क्लासमध्ये. मी सगळं ऐकलंय. ‘त्या लोकांना सगळं आयतं मिळतं’ हे वाक्य मी इतक्या चांगल्या घरांतल्या चहाबरोबर ऐकलंय की मला चहाच नकोसा झाला.

सर शिकवायचे मात्र सुंदर. एका रविवारी त्यांनी फळ्यावर प्रायर समजावला. एखाद्या गोष्टीबद्दल आपली आधीची समजूत म्हणजे प्रायर. नवी माहिती आली की तिने समजुतीला गुणायचं, समजूत बदलायची. “पण लक्षात ठेवा,” सर म्हणाले, “प्रायर शून्य असेल तर संपलं. शून्याला कशानेही गुणा. जगभरचा डेटा आणून ओतलात तरी उत्तर शून्यच येणार. असा माणूस कधीच काही शिकत नाही.” आम्ही हसलो. खडू ठेवून सरही हसले.

निकाल लागले. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक दक्षिणेतली मोठी संस्था. तिचं नाव ऐकूनच लोकांच्या भुवया वर जातात. दुसरं इथलंच विद्यापीठ. मला इथलं हवं होतं. तिथल्या मॅडम छोट्या वस्त्यांमधल्या आजारांचे अंदाज कसे बांधायचे, यावर काम करतात. हे काम काय असतं ते मला लहानपणापासून माहीत होतं. आई बाळकुमच्या जुन्या गावठाणात घरोघरी जायची, तापाचे रुग्ण मोजायची. शेजारी टॉवर उभे राहिले आणि गावठाण त्यांच्याच आकड्यांत मिसळलं. सरासरी एकदम छान दिसायला लागली. आई म्हणायची, “टॉवरवाल्यांना ताप नाही, म्हणून माझी माणसं कागदावर बरी झाली.” मला ती सरासरी फोडायची होती.

विद्यापीठात खुल्या जागा दोन होत्या. अनुसूचित जातींसाठी एक. मी कुठलीही सवलत न घेता खुल्या यादीत दुसरी आले, म्हणून माझं नाव खुल्या यादीत. राखीव जागा कल्याणच्या एका मुलीला मिळाली. मुलाखतीच्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली होती. नवाकोरा ड्रेस, इस्त्रीची घडी न मोडलेला. तिने कुजबुजत विचारलं होतं, “मराठीत बोललं तर चालतं का गं आत?” बाहेर आली तेव्हा घामाघूम होती, पण हसत होती. “दोन शब्द अडले. मग सरळ फळ्यावर सिद्ध करून दाखवलं.”

खुल्या प्रतीक्षा यादीत पहिला मंदार.

त्याचा मेसेज आला, “यार तुला दोन-दोन, एक दान कर ना!” पुढे हसरे चेहरे. मीही एक हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. “ये घरी. बोलू.”

सर, काकू, मंदार, त्याची आई. टीपॉयवर पेढ्यांचा बॉक्स, फोडून ठेवलेला. दोन पेढे आधीच कुणीतरी खाल्लेले. मला वाटलं, माझ्यासाठी आणलेत.

“बस,” सर म्हणाले. “कुठलं घ्यायचं ठरवलंस?”

“इथलंच, सर.”

काकूंनी मंदारच्या आईकडे पाहिलं.

“दक्षिणेतलं सोडतेस? वेडी आहेस,” सर म्हणाले. मग घसा साफ केला. “बरं, इथलंच घे. तुझी इच्छा. फक्त एक छोटीशी गोष्ट.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. छापून तयार ठेवलेला अर्ज. मला माझ्या राखीव प्रवर्गातून प्रवेश देण्यात यावा. खाली माझं नाव, सहीची जागा, वर पेन.

“मी कार्यालयात विचारलंय,” सर म्हणाले. “अर्ज दिलास तर ते करतील. तू तुझ्या जागेतून जा, म्हणजे खुली जागा मोकळी होईल. तुझं काहीच जात नाही. तोच कोर्स, त्याच मॅडम.”

तुझ्या जागेतून.

मंदार मोबाइलकडे बघत होता. कान लाल झाले होते त्याचे. “मामा, जाऊ दे ना,” तो पुटपुटला.

“तू गप्प बस,” त्याची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, फार गोड आवाजात, “अगं, तुम्हाला सोय आहे म्हणून म्हणतोय. ह्याला कुठे आहे?”

“सरांनी एवढं शिकवलं, एक पैसा घेतला नाही,” काकू म्हणाल्या. “थोडं ॲडजस्ट करायचं असतं.”

मी त्या कागदाकडे बघत राहिले. वर्षभर मी या घरात गणितं सोडवली होती. सरांना अडलेली दोन मीच सोडवून दिली होती. खुल्या यादीत मंदारच्या वर आले होते. आणि त्यांच्या हिशेबात मी अजून जिथल्या तिथेच होते, पहिल्या रविवारी पाण्याचा ग्लास हातात धरून. केवढा डेटा ओतला होता मी.

दक्षिणेला निघून जावं, असंही क्षणभर वाटलं. आई म्हणालीच होती, “कशाला कुणाच्या तोंडी लागतेस?” गेले असते तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं. पुन्हा हळूच जिना उतरता आला असता.

मी विचारलं, “आणि ती कल्याणची मुलगी, सर? मी त्या जागेवर गेले की ती बाहेर.”

“तिला मिळेल गं पुढच्या वर्षी,” सर म्हणाले. “त्यांच्यासाठी जागा असतातच.”

त्यांच्यासाठी. बोलून झाल्यावर सर थांबले. आपण कोणासमोर बोललो, ते त्यांच्या लक्षात आलं. काकूंनी पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडे सरकवला.

मी पेन उचललं. मंदारच्या आईने श्वास सोडला. मी पेनाला टोपण लावलं आणि ते अर्जावर आडवं ठेवलं. माझा आवाज कापत होता. कापू दे, म्हटलं. पण इतका मोठा होता की स्वयंपाकघरात कुणी असतं तर त्यालाही ऐकू गेला असता.

“मी सही करणार नाही, सर. माझं नाव खुल्या यादीत आहे, ते तिथेच राहील. आणि मंदारचं काय, मंदारचं होईलच.”