स्टिकर आणि बिराजदार मॅडम

बिराजदार मॅडम फोनवर कधी टाइप करत नसत. वर्गाच्या ग्रुपवर त्यांचा आवाजच यायचा, आणि सुरुवात ठरलेली असायची: "मी बिराजदार मॅडम बोलायले." जणू अख्ख्या लातुरात तो आवाज दुसऱ्या कुणाचा असू शकला असता. त्या किल्लारीकडच्या. आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या आणि मुलींचं वसतिगृहही सांभाळायच्या. रडत, भांडत कुणीही आलं तरी म्हणायच्या, "बस आधी." बसलं की निम्मं रडू तिथंच ओसरायचं.

मी नांदेडकडच्या इस्लापूरची, बारावीला त्यांच्या वसतिगृहात होते. एकदा तासाला बाकावरच माझा डोळा लागला, तोंड उघडं पडलं आणि वर्गातल्या ओंकारनं फोटो काढून त्याचं स्टिकर केलं. खाली लिहिलं, 'कुणाच्या सपनात?' दुपारपर्यंत ते सगळीकडं फिरलं. पोरं पोट धरून हसत होती. पोरींपैकी एकही हसली नाही. संध्याकाळपर्यंत एकेकीनं डीपीवरचा आपला चेहरा काढून तिथं गुलाबाचं फूल लावलं. फिरत फिरत ते नांदेडला शिकणाऱ्या माझ्या चुलतभावाकडं गेलं आणि त्यानं बाबांना पाठवलं. बाबांचा फोन आला, "सामान बांध. उद्या न्यायला येतो."

मी रडत मॅडमकडं गेले. त्यांनी माझ्यासमोरच ओंकारला बोलावलं. तो घाबरलेला नव्हता, गोंधळलेला होता. "मॅडम, मजाक हाय. माझ्या थोबाडाची तर लई स्टिकरं हायत. मीच पाठवतो की."

आता याची चांगली खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण मॅडम म्हणाल्या, "तू खोटं न्हाई बोलायलास. तुला खरंच मजाक वाटली. पण तुझं स्टिकर बघून तुझ्या बापानं तुला घरी न्हाई बोलावलं. उद्या हिचे बाबा येतील, त्यांना तुझी मजाक समजावून सांग. ते हसले तर मीबी हसते."

मला मॅडमचा भयंकर राग आला. माझं शिक्षण सुटायची वेळ आली होती आणि यांना मजाकीचं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. "बसा आधी, दादा," मॅडम म्हणाल्या. बाबा उभेच राहिले. त्यांनी फोन ओंकारपुढं धरला.

"काका, ते... ती झोपली होती, म्हणून..." ओंकार म्हणाला.

"कुणाच्या सपनात, बाळा?" बाबांनी शांतपणे विचारलं.

ओंकारची मान खाली गेली. तो रडायलाच लागला. "चुकलं, काका."

"चुकलं ह्याचं," मॅडम म्हणाल्या. "मग सामान ह्याचं बांधायचं का, दादा? तुम्ही म्हणाल तर आत्ता पटावरून नाव काढायला सांगते."

बाबांनी त्या पोराकडं बघितलं आणि फोन खिशात टाकला. "नको," ते म्हणाले. "परीक्षा हाय त्याची."

"हिचीबी हाय."

बाबा खुर्चीवर बसले. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले.

ते स्टिकर आजही कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल. पण मी बारावी झाले. निघायच्या दिवशी मॅडम माझ्या पेटीला दोरी बांधत होत्या, तेव्हा धीर करून विचारलं, "मॅडम, त्या दिवशी बाबा 'हो, ह्याचंच बांधा' म्हणाले असते तर?"

त्यांनी गाठ ओढली. "तर तू न् तो, दोन लेकरं गेली असती माझी. तुझे बाबा चांगले निघाले, म्हणून मी हुशार ठरले."